सव्वाअकराची लाट

तिमोनची नि माझी ओळख झाली ती त्याने माझी तार तोडली म्हणून! वर्कशॉपमधून काहीतरी पोचवायला आला, प्रयोगशाळेतल्या वाऱ्याच्या बोगद्यात केसाहून बारीक तार दिसली, तिच्यावर धूळ दिसली... आणि महाशयांनी ती चक्क बोटाने पुसली. मी नको नको ते बोलले. मग दोन दिवस भिंगाखाली मान मोडून नवी तार त्यानेच जोडून दिली. जाताना म्हणतो कसा, "बोग्नाबाई, रागावलात की छान दिसता." आता अशा माणसाचं काय करायचं?

माझं काम म्हणजे वारा मोजणं. भिंतीलगत तो नुसता धुमाकूळ घालतो, पण त्या गोंधळातही लांबलचक संथ लाटा शिस्तीत सरकत असतात. तार तापवून वाऱ्यात धरायची. ती जितकी गार, तितका वारा जोरात. नोंद मात्र सलग तीन तासांची हवी. मला तर रोज सव्वाअकराला एक भलीमोठी लाट सापडत होती! प्रबंधात तिच्यावर अख्खं प्रकरण लिहून मोकळी झाले.

सर ते वाचून एवढंच म्हणाले, की वारा काही घड्याळ बघून वाहत नाही. माझं डोकंच फिरलं. आज शेवटचा दिवस, तीन वाजता बोगदा दुसऱ्यांच्या ताब्यात जाणार. चांगली नोंद मिळाली नाही तर वर्ष वाया.

सव्वाअकरा झाले. एरवी मी पडद्यावरून मान वर करत नाही, आज केली. दार हळूच किलकिलं झालं, जानेवारीचा गारठा आत शिरला, तार गारठली आणि पडद्यावर माझी लाडकी लाट उठली. दारात तिमोन, हातात गरम पिएरोगीचा, उकडलेल्या करंज्यांचा डबा.

"रोज येता?"

"रोज. तुम्ही जेवलात का ते बघायला..." तो बुटांकडे बघत राहिला. "म्हणजे— तुम्हालाच बघायला."

अख्खं प्रकरण पाण्यात गेलं होतं. संताप संताप झाला... आणि मेलं हसूही येत होतं. खरं सांगते, मला तो आवडत होता, तार तोडली त्या दिवसापासून.

"आत या, दार लावा. तीन तास जागचं हलायचं नाही."

बिचारा खरंच हलला नाही. शिंक आली तीसुद्धा गिळली. अडीच वाजता नोंद संपली; स्वच्छ, संथ लाटा शिस्तीत, त्या भल्यामोठ्या लाटेचं कुठे नाव नाही. पिएरोगी पार गार झाल्या होत्या.

"आता हलू का?" त्याने विचारलं.

"हल," मी म्हटलं. "पण दाराकडे नको."