अहवालावरची सही

दिवा दुरुस्त करणारा आला असं समजून तिनं त्याला सरळ शिडीच दिली. तोही मुकाट्यानं वर चढला, टेबलाच्या वर छताला असलेला बंद पडलेला दिवा लावून खाली उतरला आणि हळूच म्हणाला, "मी घड्याळं दुरुस्त करतो. इथे... भावासाठी आलोय."

तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

सांगाड्यांवरून माणसं ओळखायची, हे तिचं काम. जुन्या खाणीत सापडलेली हाडं तिच्या टेबलावर मांडलेली होती, आणि घड्याळवाल्याचा थोरला भाऊ नऊ वर्षांपूर्वी घरातून गेला तो परतलाच नव्हता. तिनं त्याचं वय, उंची, जुनी दुखणी विचारून घेतली. लहानपणी झाडावरून पडून डावा हात मोडला होता, हे त्याला आठवलं. तेव्हाचा एक्स-रे शोधून आणतो म्हणाला.

तो आला, पण एक्स-रे न घेता. पुन्हा आला... कधी भावाचा फोटो घेऊन, कधी नुसताच. हाडावरून काय काय कळतं, विचारत बसायचा. कमरेच्या हाडावरून बाई की पुरुष, मांडीच्या हाडावरून उंची, ती सांगत राहायची.

"आणि मनातलं?" त्यानं एकदा विचारलं.

"ते हाडांत उतरत नाही," ती म्हणाली — आणि तिच्या कानाच्या पाळ्या तापल्या.

तिथून तिचा गोंधळ सुरू झाला. हाडं त्याच्या भावाची निघू नयेत असं वाटायचं. मग वाटायचं, निघाली तर निदान त्याचं वाट बघणं तरी संपेल. पण संपलं तर तो इथे कशाला येईल? या विचाराची तिला स्वतःचीच लाज वाटायची.

अखेर एक्स-रे सापडला. तिनं तो टेबलावरच्या हाडाशी ताडून पाहिला. मनगटाच्या वर तिरकं जुळून आलेलं हाड... तोच बाक, तीच रेघ. की आपल्यालाच तसं दिसतंय? तीनदा मोजूनही तिची खात्री पटेना. शेवटी फाइल उचलून ती मोठ्या मॅडमकडे गेली. माझं मन यात अडकलंय, तुम्ही तपासा, म्हणाली. मॅडमनी चष्म्यावरून पाहिलं, जास्त खोदून विचारलं नाही. त्यांनी सगळं पहिल्यापासून तपासलं, त्याच्या आईच्या रक्ताचा नमुनाही हाडांतल्या डीएनएशी जुळवला. उत्तर तेच आलं, हाडं त्याच्या भावाचीच होती.

ते त्याला तिनंच सांगितलं. अहवाल खालपर्यंत वाचून तो म्हणाला, "काम तुमचं, आणि सही दुसऱ्यांची?"

"मला करता येत नव्हती."

"का?"

"सही करणाऱ्याचं... समोरचं माणूस कोणी लागत नसावं."

त्यानं मान वर केली. डोळे भरले होते, ओठ मात्र हसू की रडू अशा बेतात थरथरत होते.

"आज मला काय वाटायला हवं, तेच समजत नाही."

"मलाही नाही," ती म्हणाली.

"आईला सांगायचंय. एकट्यानं नाही जमणार... याल?"

तिनं एप्रन काढून खुंटीला अडकवला. जिना उतरताना त्यानं कागद दुसऱ्या हातात घेतला आणि मोकळा हात पुढे केला. तिनं तो घट्ट धरला.