तीनदा चावी

माझ्या भाच्याने, अनुपने, दिवाळीत टर्बोवाली गाडी घेतली आणि संक्रांत जात नाही तोच तिचं डोकं बदलायची घाई त्याला झाली.

"मामा, कंपनीचा कॉम्प्युटर काढून बाहेरचा टाकून द्या न. तुम्ही आदेशच्या गाडीले टाकला, तसा."

आम्ही रोशनच्या वावरात शेकोटीभोवती बसलो होतो. देवळीपासून सहा किलोमीटर. हुरडा खाऊन झाला होता, तोंडात लसणाची चटणी अजून चुरचुरत होती. ज्वारीवर रानडुकरं उतरतात म्हणून रोशनची रोजची जागल असते, आणि त्या रात्री त्याला सोबत म्हणून मी, अनुप आणि त्याची बहीण सुरभी असे तिघे थांबलो होतो. सुरभी सेवाग्रामला नर्स आहे. थंडी अशी होती, जणू पाठीला कुणी ओला टॉवेल धरून बसलंय.

साडेतीन वाजता रोशन उठला. डबा आणि टॉर्च घेतला. "काका, एक चक्कर मारून येतो. तुम्ही या दोघांले तुमच्या थापा सांगा." आणि डबा वाजवत अंधारात गेला. ठण… ठण… ठण…

माझ्या गोष्टींवर देवळीच्या बसस्टँडवर कुणी विश्वास ठेवत नाही, आणि एका परीने ते बरंच आहे. पुलगावच्या एका ट्रकचा हॉर्न मालक मेल्यावर तेरा दिवस आपोआप रडत होता, ही गोष्ट माझीच.

"मामा, भुताची सांगा," सुरभी म्हणाली. "पण ती हॉर्नची नको."

"ही हॉर्नची नाई. ही त्या गाडीची आहे," मी धुऱ्याकडे, वावराच्या बांधाकडे, बोट केलं. आदेशची ती गाडी आता माझ्याकडे असते. संध्याकाळी पाचपासून ती तिथे उभी होती, टपावर दव. "आदेशची. रोशनच्या मोठ्या भावाची. अनुप, तू ऐक. ऐकून झाल्यावरही कॉम्प्युटर टाकायचा असंल तर टाकून देतो."

आणि मी सांगायला लागलो.

*

आदेश एमआयडीसीत सुपरवायझर होता. गाडीचा नाद भारी. इंजिनला पेट्रोल किती द्यायचं, टर्बोने हवा किती कोंबायची, हे सगळं एक डबी ठरवते, तोच हा कॉम्प्युटर. कंपनीची डबी सीलबंद असते. बाहेरची डबी मोकळी असते: लॅपटॉप जोडायचा, तक्ते उघडायचे, एकेका खान्यात आपण आकडा भरायचा. ती माझ्या गॅरेजात बसवली मी. आकडे भरले मी. एप्रिल महिना, ऊन पंचेचाळीस. गाडी अशी पळायची की आदेश उतरून तिच्या पाया पडायचा.

पण अशी गाडी रोज वापरणं म्हणजे घरात हट्टी जावई ठेवण्यासारखं. एसी लावला की सिग्नलला इंजिन धापा टाकी. लॅपटॉप टिफिनसारखा रोज सोबत. घरचं दुसरं कुणी तिला हात लावत नसे.

तक्त्यात थंडीचे खाने असतात. इंजिन गार असलं की जास्तीचं पेट्रोल लागतं, ते किती, त्याचे. पंधरा अंशांच्या खालचे सगळे खाने मी रिकामे सोडले. म्हटलं, वर्ध्यात कुठली आली थंडी! हिवाळा आला की भरू.

हिवाळा आला. आम्ही भरले नाहीत. कारण आदेशला एक युक्ती सापडली. चावी अर्धी फिरवायची. टाकीतला पंप दोन सेकंद बोलतो, घूंऽऽ, पेट्रोल पुढे ढकलतो आणि थांबतो. बंद करायची. परत फिरवायची. असं तीनदा. मग अ‍ॅक्सिलरेटरवर अर्धा पाय देऊन सेल्फ मारायचा. चालू!

त्याचे वडील डोमाजीभाऊ रोज सकाळी ओट्यावर चहा घेऊन बसत आणि बोटांवर मोजत. "एक… दोन… तीन… आता मार!" आणि हसत. "आद्या, तुही गाडी नोहे रे, म्हैस होय. तीनदा थोपटल्याबिगर पान्हा नाई सोडत."

आता ती रात्र. दोन वर्षांपूर्वीची संक्रांत, सोमवारची. आदेशच्या गाडीचा टर्बोचा रबरी पाइप भेगाळला होता, तो आणायला आम्ही दोघं माझ्या व्हॅनने नागपूरला गेलतो. सण म्हणून दुकान बंद. परत फिरता आलं असतं. पण मी म्हणालो, "आता आलोच आहे तर राहू. सावजीचं जेवू, सकाळी पाइप घेऊन जाऊ." मी म्हणालो.

निघताना आदेश रोशनला बोलून गेला होता, "चावी खुंटीवर आहे, लागली तर नेजो."

एवढंच बोलला. युक्ती सांगायची राहिली.

रात्र उलटून मंगळवार लागला. पहाटे चार वाजून दहा मिनिटं. बाहेर नऊ अंश. डोमाजीभाऊंच्या छातीत कळ आली. अ‍ॅम्ब्युलन्स लांबच्या गावी गेलेली. रोशनने त्यांना उचलून मागच्या सीटवर टेकवलं आणि चावी फिरवली. सेल्फ फिरला. इंजिन नाही. परत. परत. परत.

मागून डोमाजीभाऊंनी हात वर केला. बोलता येत नव्हतं. तीन बोटं दाखवली. रोशनने आरशात पाहिली. त्याला कळेना. त्याने परत सेल्फ मारला. भाऊंनी परत तीन बोटं…

बॅटरी बसली. शेजाऱ्याचा ऑटो आणेपर्यंत पाऊण तास गेला. सेवाग्रामच्या रस्त्यावरच भाऊ गेले.

तिसऱ्या दिवशी घरात माणसं बसली होती. रोशन सगळ्यांना सांगत होता, "बाबा तीन बोटं दाखवत होते." आत्या म्हणाली, "तीन लेकरं रे. तू, आदेश, मेघा. तुमाले सांभाळून राहा म्हणत असंल." सगळ्यांना पटलं. मग बाहेर आल्यावर तीच आत्या हळूच म्हणाली, "साधी गाडी चालू करता नाई आली पोट्ट्याले. बॅटरी बसवून ठेवली."

रोशनने ते ऐकलं.

आदेशने माझ्याकडे पाहिलं. मी आदेशकडे पाहिलं.

आम्ही दोघंही काही बोललो नाही.

*

"मामा…" अनुप म्हणाला.

"ऐक."

*

तेरवी झाली. चौदाव्या रात्री आदेश जागा झाला. अंगणातून आवाज. घूंऽऽ. थांबला. घूंऽऽ. थांबला. घूंऽऽ.

घड्याळात चार-दहा.

चावी खुंटीवर. त्याने ती हातात घेतली. गार होती.

दुसऱ्या पहाटे तेच. तिसऱ्या पहाटे तेच. त्याने मला बोलावलं. थापा मारणारा मी, आदेश नाही; म्हणून मी त्या रात्री त्यांच्या ओट्यावर झोपलो. बॅटरीची वायर मी माझ्या हाताने काढली. पाना उशाखाली ठेवला. चार-नऊला डोळे उघडले.

गाव निजलेलं. कुत्रं नाही. पान नाही.

घूंऽऽ.

वायर जमिनीवर पडलेली दिसत होती.

घूंऽऽ.

आदेशने माझं मनगट धरलं.

घूंऽऽ.

मग काही नाही. सेल्फ नाही. फक्त… वाट पाहिल्यासारखी शांतता. कुणीतरी मोजून दिलंय, आणि आता पुढचं आपण करायचंय.

"सांगून टाक रोशनले," मी म्हणालो.

"काय सांगू? का बाबा तुले शिकवू शिकवू मेले, अन् मी चूप बसलो?" तो रडत होता. "तुम्ही सांगा काका. खाने तुम्ही सोडलेत न."

त्याचं खरं होतं. मी सांगितलं नाही.

त्या उन्हाळ्यात आदेश पुण्याला नोकरीवर गेला. गाडी माझ्या गॅरेजात आणून लावली, चावी टेबलावर ठेवली आणि मागे न पाहता गेला. मला वाटलं, चला, भाऊंचं अंगण सुटलं, आता आवाजही सुटला.

दुसऱ्याच पहाटे. माझं गॅरेज. चार-दहा.

दीड वर्ष झालं आता. दिवसा गाडी चालवतो. थंडीत तीनदा चावी फिरवतो. खाने भरायला चारदा लॅपटॉप उघडला. पाच मिनिटांचं काम आहे. बोट उचलत नाही. ते भरले की मी काय सोडलं होतं ते कुणालाच दिसणार नाही… म्हणून. अन् हा रोशन दर हिवाळ्यात मला हुरडा खायला बोलावतो. कोवळी कणसं माझ्यासाठी वेगळी काढतो. म्हणतो, "काका, बाबांच्या मागे तुम्हीच विचारपूस करता." त्याने त्या रात्रीपासून कुठल्याच गाडीच्या चावीला हात लावला नाही. सायकलने वावरात येतो. पोरगी पाहायला गेला तरी ऑटोने. आत्याचं ते एक वाक्य त्याने…

*

मी थांबलो. अनुप आणि सुरभी माझ्याकडे पाहत नव्हते. माझ्या खांद्यावरून मागे पाहत होते.

तेव्हा लक्षात आलं. डब्याचा आवाज कधीचा थांबला होता.

मी वळलो नाही. वळायची हिंमत… नव्हती. शेकोटीत एक काडी तडकली.

"किती वेळचा उभा आहेस?" मी विचारलं.

"बोटांपासून," रोशन म्हणाला.

माझ्या सगळ्या थापा, सगळे हॉर्न, सगळे ट्रक कुठे गेले कोणास ठाऊक.

"खाने मी रिकामे सोडले, रोशन," शेवटी मी म्हणालो. "नागपूरले थांबू, मीच म्हटलं. तुही चूक नोहे. तुही कधीच नोहती. मले माहीत होतं. तिसऱ्या दिवशीच माहीत होतं."

तो शेकोटीच्या उजेडात आला. डबा खाली ठेवला. स्वतःच्या हाताची तीन बोटं वर केली आणि त्यांच्याकडेच पाहत राहिला.

"म्हणजे बाबा मले…" तो म्हणाला. "मले चालू करणं सांगून राह्यले होते."

"हो."

"अन् मी आरशात पाहून राह्यलो होतो."

सुरभीने मोबाइल पाहिला आणि हळूच तो माझ्याकडे वळवला. चार वाजून नऊ मिनिटं.

आम्ही चौघांनी कान धुऱ्याकडे लावले.

चार-दहा.

काही नाही.

चार-अकरा. काही नाही. दीड वर्षात पहिल्यांदा.

रोशनने हात पुढे केला. "चावी द्या."

"रोशन, तीनदा—"

"द्या."

मी दिली. तो धुऱ्यावर चढला, आम्ही मागे. अनुपला संध्याकाळी तक्ता दाखवला होता, तो लॅपटॉप अजून बाजूच्या सीटवर जोडलेला होता. सुरभीने बोनेटवर तळहात ठेवला आणि चटका बसल्यासारखा काढला. "बापा! बर्फ आहे."

रोशन बसला. मागच्या सीटकडे आरशात पाहिलं. किती वेळ पाहिलं, सांगता येत नाही. मग त्याने चावी फिरवली. तीनदा नाही. अर्धी थांबून नाही. एकदाच, सरळ. अ‍ॅक्सिलरेटरला पाय लागलेला नव्हता.

इंजिन चालू झालं.

पहिल्या फेऱ्यात. एप्रिलमध्ये व्हायचं तसं. रोशन स्टिअरिंगवर डोकं टेकून हमसून हमसून रडायला लागला, आणि इंजिन काहीही न डगमगता चालत राहिलं.

ते शक्य नव्हतं. मी दारातून वाकून लॅपटॉपचा पडदा जागा केला. थंडीचे खाने तसेच होते, एकूण एक रिकामे. मग मी मागची नोंद उघडली, चावी फिरवण्याच्या आधीच्या क्षणाची. तिथे इंजिन किती गार होतं ते लिहिलेलं असतं. बाहेर नऊ अंश होते. इंजिन अकरा तास बंद होतं, बोनेट बर्फासारखं. नऊ नाही तर दहा, फार तर बारा असायला हवं होतं.

त्यानंतर मी इंजिनाची उष्णता मोजणारा सेन्सर दोनदा बदलला. वायर बदलली. रोशन आता रोज ती गाडी नेतो. मी भर थंडीत पहाटे जाऊन, बंद इंजिनावर हात ठेवून, लॅपटॉप लावून पाहिलंय. प्रत्येक वेळी तोच आकडा, भरलेल्या खान्यांतला.

पण तो पहिल्यांदा सुरभीने वाचला. माझ्या खांद्यावरून वाकून तिने त्या आकड्यावर बोट ठेवलं. सेवाग्रामला वॉर्डात हा आकडा ती रोज पन्नास जणांच्या कागदावर लिहिते. सगळं ठीक असलेल्या, जिवंत माणसाच्या.

"मामा," ती कुजबुजली, "सदतीस…"