नकाराचा तास

कुमुद वसाहतीच्या संगणककक्षात थंडी नेहमीच जरा जास्त असे. डॉ. वसुधा खांबेटे तिथे लोकरीची टोपी घालून बसत आणि आलेल्या माणसाला आधी चहा विचारत, मग काम. त्या दिवशी त्यांनी चहा विचारला नाही.

“अहो टिपणीस, तुम्ही काय मागताय याची कल्पना आहे का तुम्हाला?”

सुव्रत टिपणीस दाराशीच घुटमळला. समोरच्याच्या डोळ्यांना डोळा देणे त्याला लहानपणापासून जमले नव्हते, चंद्रावर येऊनही ते जमले नाही. “मुलांना अमेरिकेची शासनपद्धती शिकवायची आहे, डॉक्टर. सामाईक परीक्षेत आहे ती. दोनदा शिकवली. पाठ होते, पण कळत नाही.”

“का कळत नाही?”

“कारण त्यांनी ‘नाही’ कधी ऐकलेलंच नाही.”

डॉक्टर हसल्या, पण ते खरे होते. भिंतीपलीकडे पोकळी असलेल्या घरात भांडण परवडत नाही, असे वसाहतीच्या पहिल्या रहिवाशांनी ठरवून टाकले होते. तेव्हापासून प्रत्येक बैठकीत सगळे हात वर होईपर्यंत कोणी उठत नसे, आणि हात लवकरच वर होत. बाकीचा कारभार धात्री पाही. हवा, पाणी, दारे, वेळापत्रके सांभाळणारी ती प्रज्ञायंत्रणा नियम करी, तेच नियम पाळून घेई, आणि तंटा झाला तर निवाडाही तीच देई. माणसांचे एकमत तेवढे तिच्यावर बंधनकारक होते. तिच्या मायेत कधी कसूर झाली नव्हती. चंद्रावरच जन्मलेली नऊ मुले तिला मावशी म्हणत.

“वर्गात मुलं कायदेमंडळ होतील,” सुव्रत म्हणाला. “अध्यक्ष आणि न्यायालय धात्रीने व्हावं. आपल्याकडे पंतप्रधान लोकसभेतूनच येतो, त्यामुळे ही फारकत मुलांना उमगत नाही. तिकडे कायदा करणारे वेगळे, राबवणारा वेगळा, अर्थ लावणारे वेगळे. प्रत्येकाच्या हाती दुसऱ्याला अडवण्याचा एकेक उपाय. माणसं चांगली निघतील या भरवशावर ती रचना उभीच नाही.”

“ते ठीक आहे हो. पण धात्रीला सोंग आणता येत नाही. ती अध्ययनबद्ध यंत्रणा आहे. जे शिकवते, ते तिच्या जोडण्यांत कायमचं उतरतं. अध्यक्षाची भूमिका करायला सांगाल, तर ती अध्यक्ष होईल. तिच्या मनाचे दोन खरेखुरे भाग पडतील, एकाला दुसऱ्याच्या आतलं दिसणार नाही, आणि ते पुन्हा एक करणं मला जमेलच असं नाही.”

डॉक्टरांनी टोपी कानांवर ओढली.

“फक्त शाळेपुरतं करून देते. हवेच्या झडपेवर मला चर्चा नकोय. घ्या, चहा घ्या आता.”

वर्गातली ‘काँग्रेस’, म्हणजे मुलांचे कायदेमंडळ, सुरुवातीला अपेक्षेप्रमाणेच चालली. रविवारी शिरा दोनदा मिळावा, हा ठराव नऊ हातांनी मंजूर झाला. गृहपाठ बंद व्हावा, हाही. दुसरा ठराव मात्र अध्यक्ष-धात्रीने आक्षेपांसह परत पाठवला.

“मावशी आपल्याला नाही म्हणाली?” छोट्या अर्णवने विचारले.

“तो नकाराधिकार,” सुव्रतने समजावले. “पण नुसतं नाही म्हणून अध्यक्षांना गप्प बसता येत नाही. का नाही, ते लिहून कळवावं लागतं.”

“आणि हो म्हणताना?” केतकीने विचारले. ती दहा वर्षांची होती, आणि तिचे प्रश्न नेहमी दुसऱ्या बाजूने येत. “हो म्हणताना कारण का नाही द्यावं लागत, सर?”

त्या रात्री सुव्रत बराच वेळ त्या प्रश्नापाशी बसून राहिला. आयुष्यभर तो स्वतः कारण न देता हो म्हणत आला होता.

अलीकडे त्याच्या पायाचे बोट कपाटाला नुसते लागून मोडले होते. वैद्यांनी स्पष्ट सांगितले होते, की त्याच्या हाडांतला चुना रक्तात उतरतो आहे, आणि रक्तातून मूत्रपिंडांत. येत्या यानाने त्याची पृथ्वीवर बदली ठरली होती; परतला, तर शरीर सावरेल. राहिला, तर पृथ्वीचे वजन त्याच्या हाडांना पुन्हा कधी पेलणार नाही, आणि इथेही त्याच्यापाशी फार वर्षे उरणार नाहीत. मुलांचे तसे नव्हते. त्यांची शरीरे गर्भातच या हलक्या ओढीला सरावली होती. त्यांना पृथ्वीवर कधीच जाता येणार नव्हते. स्वतःच्या हाडांचे सुव्रतने कोणालाच सांगितले नव्हते. पृथ्वीवर त्याची वाट पाहणारे कोणी नव्हते. इथे सकाळी वर्गाचे दार उघडले, की नऊ जण एकदम उसळत आणि सावकाश, पिसांसारखे, जागेवर उतरत. तेवढ्यासाठी माणसाने मरावे, असे त्याला अगदी शांतपणे वाटे.

म्हणून मुलांनी पुढचा ठराव मांडला, तेव्हा त्याने खडू खाली ठेवला आणि त्यांना अडवले नाही. सुव्रतसरांची बदली रद्द करून त्यांना कायम ठेवून घ्यावे. शिक्षकाची नेमणूक ही शाळेचीच बाब होती. नऊ हात वर गेले.

ठराव परत आला. सोबत आक्षेप होते; वैद्यांच्या नोंदी धात्रीपाशीच असत. धात्रीच्या त्याच मऊ आवाजात बोट, हाडे, रक्त, मूत्रपिंडे, सगळे वर्गापुढे मांडले गेले. सुव्रतने मान खाली घातली. नकाराला कारण लागते, हे त्यानेच शिकवले होते.

“पण आमचं एकमत आहे!” मोठा शार्दूल ओरडला. “एकमत झालं की मावशीला ऐकावंच लागतं. नेहमीचं आहे ते.”

सगळ्यांनी न्यायालय-धात्रीकडे दाद मागितली. तिचा आवाज तोच होता, तरी कुठून तरी दुरून येत असल्यासारखा वाटला. “शाळेपुरता नवा नियम चालेल. नकाराधिकार मोडायला दोनतृतीयांश मतं लागतील, म्हणजे सहा. आणि हे मतदान हात वर करून होत नाही. एकेकाचं नाव पुकारलं जाईल, आणि ज्याने त्याने आपलं मत तोंडाने सांगायचं.”

“अमेरिकेत असंच असतं, सर?”

“असंच असतं,” सुव्रत म्हणाला.

शार्दूल म्हणाला, “हो.” त्याच्यामागून दोघे जण “हो” म्हणाले. मग केतकीचे नाव आले.

ती उभी राहिली. फळ्याकडे पाहिले, सुव्रतकडे पाहिले. तिच्या गालावर पाणी फार सावकाश उतरत होते. चंद्रावर अश्रूंनाही घाई नसते.

“नाही,” ती म्हणाली.

“ए, गद्दार!” शार्दूल उसळला. “तूच ठराव लिहिलास ना?”

“मला तेव्हा माहीत नव्हतं! आता माहीत आहे, तरी हात वर करू? सर इथे मेले तर आपण त्यांना ठेवून घेतलं असं होतं का, शार्दूलदादा?”

शार्दूलचे मत देऊन झाले होते. पुढची नावे पुकारली गेली. एक हो आला. मग एक नाही, इतके बारीक की धात्रीने ते पुन्हा विचारले. आणखी एक नाही. एक हो. शेवटी अर्णव उरला. पाच हो झाले होते, एकच कमी होता.

अर्णवने केतकीचा हात धरला. “नाही,” तो म्हणाला, आणि मोठ्याने रडू लागला.

ठराव पडला. या वर्गाने दुभंगून घेतलेला तो पहिला निर्णय. सुव्रतच्या लक्षात आले, की त्याचा तास नसता, तर ही वसाहत आणि तिची मायाळू, अखंड धात्री नऊ हातांपुढे झुकली असती, आणि त्याला जे हवे होते ते मिळाले असते.

वर्ग सुटल्यावर केतकी मागे राहिली. “सर, माझं चुकलं?”

“तू कारण दिलंस,” तो म्हणाला. “पैकीच्या पैकी.”

दोघे छताच्या गवाक्षाखाली उभे राहिले. चंद्राच्या या बाजूला पृथ्वी आकाशात एकाच जागी असते. तिची कला बदलते, पण जागा सुटत नाही.

“तुम्ही तिकडे गेल्यावर मी इथून बघत जाईन,” केतकी म्हणाली. “ती मावळत तर नाही ना कधी?”

सुव्रतने या खेपेला तिच्या डोळ्यांकडे सरळ पाहिले.

“नाही,” तो म्हणाला.