चुकलेला बुधवार

आमची पहिली भेट झाली तेव्हा माझे बारा महिने जमिनीवर पडले होते. महिन्यांची नावं लिहिलेले पुठ्ठे वर्गाच्या दारातच हातातून निसटले, आणि समोरून येणारा माणूस ऐन वेळी थबकला.

"हलू नका," मी म्हणाले. "ऑगस्ट तुमच्या बुटाखाली आहे."

"तरीच पाय ओला वाटतोय..." असं म्हणत तो पुठ्ठे गोळा करायला वाकला.

तो जवळच्या कारखान्यात फिटर होता आणि मी चिनी भाषेची बाई. खरं तर बदली बाई. मोठ्या बाई बाळंतपणाच्या रजेवर गेल्या आणि त्यांचा सकाळी सातचा नवशिक्यांचा वर्ग मला, त्यांच्याच जुन्या विद्यार्थिनीला मिळाला. उथळ पाण्याला खळखळाट फार, तशी मी. जुनी वही उघडून बघायची गरजच काय, असं मला वाटायचं.

वार शिकवायला मी फरशीवर खडूने सात चौकटी आखल्या. चिनीत सोपं असतं. 'शिंगछी' म्हणजे आठवडा, त्यापुढे आकडा लावला की झाला वार. मी आकडा म्हणायचा आणि वर्गाने त्या चौकटीत उडी मारायची. कुरियरवाला, शिवणकामवाल्या मावशी, सगळे वय विसरून उड्या मारायचे. फिटर मात्र दर वेळी नेमका माझ्या शेजारच्या चौकटीत यायचा.

"तुमचा वार तिकडे आहे," मी म्हणायचे.

"माहीत आहे," तो हळूच म्हणायचा. "इथे वारा बरा लागतो."

मी रागवायचे... म्हणजे रागवल्यासारखं करायचे.

एकदा त्याने बिचकत विचारलं. कारखान्यातल्या मशीनसाठी चिनी इंजिनिअर यायचा होता. दुभाषा न घेता आपणच फोन करून वार ठरवला तर?

"करा की," मी म्हणाले. "मी आहे ना."

पुढच्या आठवड्यात, शुक्रवारच्या वर्गात, मी 'शिंगछी स्स' म्हणाले. चौथा वार. सगळ्यांनी बुधवारावर उडी मारली. तो तेवढा थांबला. माझ्याकडे पाहिलं – क्षणभरच – आणि मग तोही बुधवारावर जाऊन उभा राहिला. त्या नजरेचा मी मला हवा तो अर्थ काढला आणि चक्क लाजले.

वर्ग सुटल्यावर कुरियरवाला रेंगाळला.

"बाई, फिटरदादाला मेमो मिळाला, कळलं का? बुधवारी मशीन खोलून बसला, तर इंजिनिअर आलाच नाही. तो उगवला गुरुवारी. तोवर साहेबांनी मशीन जोडून चालू करायला लावलं होतं. हात न लावता परत गेला तो."

"असं कसं झालं?"

"दादा म्हणतो, फोनवर माझ्याच ऐकण्यात चूक झाली."

घरी जाऊन मी जुनी वही काढली. माझ्याच अक्षरात लिहिलं होतं: सोमवार – एक. रविवारला आकडाच नाही. आणि मी, भिंतीवरच्या कॅलेंडरसारखा रविवार पहिल्या चौकटीत बसवून, त्याला एक देऊन मोकळी झाले होते. चौथा वार गुरुवार होता. माझा एकूण एक वार एका दिवसाने चुकला होता.

धरणीने पोटात घ्यावं असं झालं. चुकीची लाज होतीच. पण त्याला गुरुवारीच सगळं कळलं होतं, आणि तरी चारचौघांत माझी फजिती नको म्हणून तो मुकाट चुकीच्या चौकटीत उभा राहिला होता. आणि मी काय केलं, तर लाजले. खरं सांगितलं तर वर्ग जाणार होता. न सांगितलं तर मी त्याच्यासमोर कधीच उभी राहू शकले नसते.

सोमवारी मी आधी आमच्या संस्थेच्या संचालकांना सांगितलं, मग कारखान्यात जाऊन त्याच्या साहेबांना. तो तिथेच मशीनपाशी होता. मी मान खाली घालून त्याच्या शेजारून निघून आले.

मंगळवारी वर्गात चौकटी नव्याने आखल्या, सोमवारपासून.

"मी तुम्हाला वार चुकीचे शिकवले," मी म्हणाले. "सगळेच. पुढच्या वर्गापासून दुसऱ्या बाई येतील."

"अगं, एवढं काय त्यात," मावशी म्हणाल्या. "शिवण चुकली तर उसवतोच ना आपण."

सगळे हसले. मला नाही हसता आलं.

वर्ग रिकामा झाल्यावर मी गुडघ्यांवर बसून खडू पुसायला लागले. तो गेला नव्हता.

"मेमो मागे घेतला साहेबांनी," तो म्हणाला. "कशाला गेलात? मी निभावलं होतं."

"मला सांगायचं होतंत."

"शुक्रवारी ठरवूनच आलो होतो. पण तुम्ही इतक्या खुशीत 'चार' म्हणालात, की... जीभच रेटेना."

"मूर्ख वाटले असेन मी."

"थोड्याशा." तो माझ्यासमोर फरशीवरच बसला. "बाई... आता बाई म्हणायचं नाही ना?"

"नाही."

"मग सांगतो. मला तुम्ही आवडता. चूक कळल्यावर तर जास्तच. तोवर वाटायचं, एवढ्या हुशार बाईला फिटर कशाला हवा."

मी हातातलं फडकं उगीचच पिळत राहिले. डोळे भरून आले होते.

"इकडे बघा ना," तो म्हणाला.

"नाही बघवत. लाज वाटते हो."

"मग खाली बघूनच हो म्हणा."

मी खाली बघूनच हो म्हणाले.