भिंगरीचा नाडीपट्टा

"धाव गं बाई धाव, माळ तुझ्या बापाचा,
वारा तुझ्या मामाचा, धाक तुला कुणाचा?"

पन्नास वर्षांपूर्वी बापाच्या तोंडून ऐकलेली ही हाक ज्ञानोबाला अजून पहाटे ऐकू यायची. बाप कारवानी जातीची, लांब पायांची शिकारी कुत्री पाळायचा. शिकारीचा काळ सरला, शिकारबंदीचा कायदा आला, पण धावायची तहान त्या जातीच्या रक्तात राहिली ती राहिलीच. बाप म्हणायचा, "कारवानीच्या फासळ्या दिसाव्यात आणि कारवानीला माळ दिसावा. दुसरं औषध नाही."

आता औषध यंत्र ठरवायचं. पोळ्यापासून तालुक्यातल्या प्रत्येक कुत्र्याच्या गळ्यात नाडीपट्टा आला होता. तो ठोके मोजायचा, त्यांच्या आवाजावरून हृदयाचा आकार ताडायचा आणि पशुवैद्यक केंद्रातल्या यंत्राला कळवायचा. ज्ञानोबाच्या भिंगरी या कारवानी कुत्रीबद्दल यंत्राने सांगितलं: हृदय फुगलेलं, ठोके फार मंद, चाळीस दिवस बांधून ठेवा. केंद्रातली डॉक्टर होती ज्ञानोबाचीच लेक, ऋतुजा.

भिंगरी तीन दिवस खुंट्याशी बसली. दूध-भाकरी तशीच वाळली. चौथ्या दिवशी ज्ञानोबाने तिचा पट्टा काढला, बुधी शेळीच्या गळ्यात अडकवला आणि भिंगरीला माळावर सोडलं. ती गेली ती उन्हाची तिरीप सरकावी तशी.

पुढे ऋतुजाचा फोन आला. "अण्णा, ठोके सुधारले की. भूक तर इतकी, पट्ट्यात ऐकू येतंय, दिवसभर काहीतरी चावायलीय."

"चावंना का. तुझाच इलाज हाय."

चाळिसाव्या दिवशी सकाळी ती जीप घेऊन दारात आली. चहा हातात तसाच धरून म्हणाली, "भिंगरी बांधून बरी झाली, असं यंत्रानं धरलंय. आता चार तालुक्यांतल्या सगळ्या कारवानी बांधायचा आदेश तयार झालाय. आज दुपारी बाराला माझी सही."

"सगळ्या?"

"तीनशे अकरा."

 भिंगरीची त्या तीन दिवसांतली नजर ज्ञानोबाला तीनशे दारांत दिसायला लागली. सांगावं तर लेकीची चारचौघांत शोभा. न सांगावं तर मुकी जनावरं जातील.

"ऋतू," तो म्हणाला, "पट्टा बुधीच्या गळ्यात हाय."

"कोण बुधी?"

गोठ्यातून बुधीनेच उत्तर दिलं.

ऋतुजा कप ठेवून उठली, शेळीच्या गळ्यातल्या पट्ट्याकडे बघत राहिली. "म्हणजे महिनाभर मी शेळीवर इलाज केला."

"शेळीला मानवला पण."

ती हसली नाही. पट्टा काढून तिने भिंगरीकडे नेला. भिंगरी मागे सरली. परक्या हाताला ती अंग देत नसे. ज्ञानोबाने बांधला. मग त्याने बापाची हाक दिली, आणि भिंगरी माळाच्या टोकाला जाऊन परत येईपर्यंत दोघं उभी राहिली.

ऋतुजाच्या हातातल्या पडद्यावर ठोके अडीचशेवर गेले होते. ती घड्याळ बघत होती. दीडशे. शंभर. काही मिनिटांतच पन्नास, संथ आणि सारखे.

"आजारी हृदय इतक्या लवकर खाली येत नाही अण्णा," ती हळूच म्हणाली. "हिच्या जातीचं मोठं आणि संथच असतं. पिढ्यान्‌पिढ्या धावून तसं झालेलं. यंत्राला शिकवलं ते घरात बसणाऱ्या कुत्र्यांवर. त्यात ही नव्हतीच कुठं."

तिने पडद्यावरचा आदेश रद्द केला. भिंगरी ज्ञानोबाच्या पायाशी आडवी झाली, जीभ बाहेर, डोळे अर्धे मिटलेले. ज्ञानोबाने कितीतरी दिवसांनी मोकळा श्वास घेतला.

"असल्या यंत्रांनी अजून कुणाकुणाला बांधून घातलं असंल गं?"

 ऋतुजाने मघाचा गार झालेला चहा उचलून एका घोटात संपवला.

"तुला राग आला माझा."

"नाही." तिने कप खाली ठेवला. "आदेशाचं मी फोनवरही सांगितलं असतं. मलाच तो पटत नव्हता, पण यंत्राला खोटं म्हणायचा धीर होईना. तुम्ही नको म्हणावं, म्हणून आले."