कोरे गाभे

तस्नीम शिकलगारने आठवं वलयी रोहित्र टेबलावर ठेवलं आणि बाळगोंडा मगदूम यांच्या पोटात दुखायला लागलं.

कृष्णाकाठ ऊर्जाशाळेच्या चाचणी-दालनात मांडलेली ती सगळी रोहित्रं, म्हणजे ट्रान्सफॉर्मर, भंगारातली होती. २०५२ साली मिरवणुकांतल्या डीजेवर कायमची बंदी आली, तेव्हा मिरजेच्या भंगारवाल्यांकडे अ‍ॅम्प्लिफायरचे ढीग पडले. त्यांच्या पोटातल्या या कड्यासारख्या गोल रोहित्रांकडे कुणी ढुंकून पाहिलं नव्हतं. तस्नीमने ती शोधली, तपासली आणि त्यांतून पंधरा किलोवॅटचा इन्व्हर्टर बांधला. तो बहात्तर तास अखंड चालला, की शहराचा पाणीउपसा त्याच्यावर जाणार होता. सध्या उपसा चालत होता मगदूमांच्या इन्व्हर्टरवर, गेली बावीस वर्षं. लोक त्याला ‘मगदूमांचं पाणी’ म्हणत, आणि ते ऐकायला मगदूम रोज मुद्दाम बाजारातून चालत येत.

तारेचे वेढे मोजायला हिला शिकवलं आपण, आणि आता मिरवणार ही!

“हे काय आणखी?” तस्नीमच्या हातातल्या पेटीकडे बोट दाखवत त्यांनी विचारलं.

“गाभावाचक, सर. मीच केलाय.”

संचालिका डॉ. कुमुदिनी आवटी जवळ आल्या. “मलाही सांग. पण सोपं करून.”

“मॅडम, रोहित्राच्या लोखंडी गाभ्यातलं चुंबकत्व सेकंदाला पन्नास वेळा झोके घेत असतं. वीज एकदम तुटली, की ते त्या क्षणी जिथं असेल तिथंच अडकतं आणि वर्षानुवर्षं तसंच राहतं. हे शेष चुंबकत्व माझा वाचक मोजतो. यंत्र शेवटचं कसं बंद झालं, ते कळतं.”

“आणि वीज एकदम तुटली नाही तर?”

उत्तर मगदूमांनी दिलं. सगळं तिलाच बोलू द्यायचं त्यांच्या जिवावर आलं होतं. “विजेचा दाब सावकाश शून्यावर आणला, तर झोके लहान लहान होत विझतात. गाभा कोरा राहतो आणि पुढच्या वेळी सुरू करताना झटका बसत नाही. म्हणून मी सगळ्यांना सांगत आलोय, लाल बटण आगीसाठी. एरवी नॉब हळू फिरवायचा.”

“सर घरचा पंखाही तसाच बंद करतात,” तस्नीम हसून म्हणाली.

मगदूम हसले नाहीत. “लोखंडाची कुंडली मांडाय लागलीस म्हण की.”

चाचणी सुरू झाली. पन्नासाव्या तासाला, भर दुपारी, सगळे जेवायला गेले असताना मगदूम एकटेच दालनात आले. त्यांनी यंत्रावर हात ठेवला. ते गरम झालं असतं, तरी त्यांना बरं वाटलं असतं. गरम नव्हतं. आवाजही नव्हता. त्यांचा स्वतःचा इन्व्हर्टर उपसाघराबाहेरच्या रस्त्यापर्यंत घुमायचा, आणि हा कसा गपगार!

नोंदयंत्र तासाला एकदाच लिहायचं. पुढच्या नोंदीला अजून अर्धा तास होता. आणि वाचकाची भीती कशाला? एकदम बंद पडलेलं यंत्र म्हणजे बिघडलेलं यंत्र. तिचाच वाचक तिच्याविरुद्ध साक्ष देईल.

त्यांनी यंत्र बंद केलं. त्यावरचा छोटा पंखा मंदावत मंदावत थांबला. सगळं होतं तसं ठेवून, हात धुऊन ते डब्याला बसले. त्या दिवशी भाकरी त्यांना फार गोड लागली.

तासाभरात दालनात सगळे जमले. तस्नीमचे डोळे लाल झाले होते.

“गाभेच सदोष असणार, मॅडम,” मगदूम म्हणाले. “शेवटी भंगारच ते.”

तस्नीमने पहिल्या गाभ्याला वाचक लावला. शून्य. दुसऱ्याला लावला. शून्य. आठही गाभे कोरे निघाले.

“म्हणजे काय?” आवटी मॅडमनी विचारलं.

“बिघाड असता तर वीज एकदम तुटली असती, मॅडम. बॅटरी संपली असती, तरी संरक्षक स्विचनं ती एकदमच तोडली असती. यंत्र आपलं आपण असं हळू बंद होत नाही. कुणीतरी बंद केलंय.”

मगदूमांनी आपल्या उजव्या हाताकडे पाहिलं. लाल बटण नॉबपासून चार बोटांवर होतं. तेच दाबायला ते गेले होते. पण हात सवयीनं नॉबवर गेला, आणि डोकं जळफळाटानं इतकं भरलं होतं की त्याला ते कळलंही नाही.

“कुणी?”

तस्नीमने एकदा मगदूमांकडे पाहिलं. “वाचक नाव सांगत नाही, मॅडम.”

ती त्यांना पाठीशी घालत होती. त्यांना लाज वाटली, पण त्याच्याआधी वाटला तो हेवाच. एवढं मोठं मन हिनं आणलं कुठून? हे काही आपण शिकवलं नव्हतं.

चाचणी पहिल्या तासापासून पुन्हा घ्यायचं ठरलं. तस्नीम यंत्राशी गेली आणि बाजूला सरकली.

“सर, तुम्ही सुरू करा,” ती हळूच म्हणाली. “तुम्ही बंद केलेलं यंत्र सुरू होताना झटका देत नाही.”

आवटी मॅडमनी चमकून मगदूमांकडे पाहिलं.

“हो, मीच,” कुणी काही विचारायच्या आतच मगदूम म्हणाले, आणि त्यांनी नॉब हळूहळू फिरवायला घेतला. पंखा फिरू लागला. झटका बसला नाही.