पालमहून दोन तास

उत्तरा तशी भित्री. कुकरची शिटी झाली तरी दचकायची. पण जानेवारीतल्या त्या सकाळी तिनं उशाशी घड्याळ ठेवलं, मांडीवर शाळेतला नकाशा पसरला आणि वडिलांच्या खाटेला खेटून बसली. डॉक्टर सांगून गेले होते, "संध्याकाळपर्यंत तग धरला तर बघू." आणि दादाही संध्याकाळीच पोचायचा होता. दिल्लीच्या पालम विमानतळावरून दहाचं विमान, बाराला मुंबई, मग टॅक्सीनं कसारा घाट चढून नाशिक.

वडिलांची, शरच्चंद्ररावांची, सगळी नोकरी ओझरला, विमानांच्या कारखान्यात झालेली. घरातलं कोणी विमानानं निघालं की ते नकाशावर दोरा ताणायचे, अंतर काढायचे आणि घड्याळ बघत बघत त्या माणसाला घरी आणायचे. आज हात उचलत नव्हता, म्हणून दोरा उत्तरानं धरला.

"बाबा, दहा वाजले. दादा उडाला. अकराशे किलोमीटर, दोन तास."

"मोज," ते डोळे न उघडता म्हणाले.

साडेदहाला ती म्हणाली, "जयपूर मागे पडलं असेल."

"तापी आली खाली..."

तिला हसू आलं. "अहो, तापी शेवटी. सुरतेपाशी!"

बऱ्याच वेळानं ते पुटपुटले, "नर्मदा... काय ऊन पडलंय पाण्यावर."

उत्तरानं दोरा पुन्हा लावून पाहिला. जन्मात हिशेब न चुकलेला माणूस उलटं मोजत होता. नाशिकहून वर, दिल्लीकडे.

"बाबा, दादा तिकडून इकडे येतोय ना?"

"तो कुठला येतोय... बसलाय बिचारा." श्वास लागला, थांबला, परत लागला. "चंबळ..."

खिडकीत लख्ख ऊन होतं, तरी खोलीत गारठा भरत चालला. कुठूनसा रॉकेलसारखा उग्र वास आला. बाबांच्या भुवयांवर दवाचे बारीक थेंब साचले होते.

बाराला पाच कमी असताना शेजारच्या कुसाबाई धावत आल्या. "उत्तरे, तुझ्या दादाचा ट्रंककॉल आमच्याकडे! पळ, मी बसते इथं. तुझा बाप काय उडून जातोय का?"

"दादा? इतक्यात मुंबईला उतरलास?"

"कुठली मुंबई! धुक्यानं विमान जागचं हललेलं नाही. सकाळपासून पालमलाच अडकलोय." तारेत खरखर झाली. मग त्याचा आवाज अगदी खाली आला. "उतू... बाबांना इथं कोणी आणलं गं?"

तिनं भिंत धरली.

"आत्ता आले. अनवाणी. म्हणाले, तुला उशीर होतोय, म्हटलं आपणच जाऊन यावं... माझा हात धरून उभेत. किती बरे दिसतायत, उतू. देऊ फोन?"

"नको," ती कशीबशी म्हणाली. "तूच बोल. हात सोडू नकोस, दादा."

ती परतली तेव्हा कुसाबाई डोळ्यांना पदर लावून उभ्या होत्या. "आत्ताच गं... हसले आणि गेले."

दादा दुसऱ्या दिवशी दुपारी पोचला, तोवर सारं अंग दगडासारखं गार झालं होतं. उजवा पंजा तेवढा कोणाचा तरी हात धरावा तसा अर्धा मिटलेला. तो कोणालाच उघडता आला नाही... आणि तो अजून उबदार होता.